तणनाशकासाठी कोणता नोझल? गोल, फ्लड जेट, फ्लॅट फॅन आणि इंजेक्टर यांची कसोटी

पाठीवरचा १६ लिटरचा पंप घेतला की सोबतच्या पिशवीत दोन-तीन नोझल येतात. त्यातला गोल फवारा देणारा लान्सला (हातात धरायच्या फवारणीच्या नळीला) लागतो आणि मग कीटकनाशक असो, बुरशीनाशक असो की तणनाशक, वर्षभर तोच चालतो. तण मेले नाही की संशय औषधावर जातो. कंपनी बदलली जाते, नाहीतर पुढच्या वेळी पंपामागे, म्हणजे भरलेल्या एका टाकीमागे, दहा मिली जास्त ओतले जाते. लान्सच्या टोकाला काय लावले होते, हे क्वचितच कोणी तपासते. पंपाच्या किमतीपुढे नोझलची किंमत नगण्य असते, आणि तणनाशकाचा निकाल मात्र बराचसा त्यावरच ठरतो.

कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे किंवा सांगून मागवता येणारे चार प्रकार इथे पाहिले आहेत. निकाल आधीच सांगायचा तर पाठीवरच्या पंपासाठी फ्लॅट फॅन हा पहिला पर्याय, आणि पेरणीनंतर लगेच जमिनीवर मारायच्या औषधासाठी फ्लड जेट. मात्र नुसता नोझल बदलून भागत नाही. नोझल बदलला की एकराला लागणारे पंप बदलतात, आणि एकरी पंप बदलले की पंपामागचा डोसही बदलावाच लागतो. हे न केल्यामुळे चांगला नोझल घेऊनही फवारणी फसते. म्हणून त्याचा हिशेब खाली सविस्तर दिला आहे.

गोल फवाऱ्याचा नोझल (हॉलो कोन)

हा पिकाच्या फवारणीसाठी बनलेला आहे. आतल्या चकतीमुळे द्रावण गरगर फिरत बाहेर पडते, फवाऱ्याचे गोल कडे तयार होते आणि मधला भाग जवळजवळ रिकामा राहतो. थेंब बारीक असतात आणि वेगवेगळ्या दिशांनी पानावर येतात, त्यामुळे मावा-तुडतुडे किंवा करप्यासाठी हा उत्तम. तणनाशकाला मात्र जमिनीवर सारखा पसरलेला पट्टा लागतो. कडे पुढे सरकत गेले की दोन्ही कडांना औषध जास्त पडते आणि मध्ये कमी. ही उणीव भरून काढायला फवारणारा माणूस लान्स डावी-उजवीकडे झुलवतो. झुलवण्याने जमिनीवर नागमोडी रेघ उमटते. वळणाच्या टोकांना दुप्पट औषध पडते आणि दोन वळणांच्या मधल्या त्रिकोणात जवळजवळ काहीच नाही.

दुसरा तोटा वाऱ्याचा. १५० मायक्रॉनपेक्षा (०.१५ मिलिमीटर) बारीक थेंब हलक्या झुळकेनेही वाहून जातात. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्यातले द्रावण आठवा भाग उरते, म्हणजे तो हवेत वाळायलाही वेळ लागत नाही. उसात २,४-डी हे तणनाशक मारताना हे बारीक थेंब शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षावर गेले तर भरपाई कठीण. या दोन्ही पिकांना २,४-डी अगदी अल्प प्रमाणातही सोसत नाही. कपाशीची पाने चिरून भेंडीच्या पानांसारखी होतात.

पितळी, फिरवून धुके ते धार असा फवारा बदलणारा नोझल तर तणनाशकासाठी पूर्णपणे नापास. अर्धा वेढा फिरवला तरी प्रवाह आणि पट्ट्याची रुंदी दोन्ही बदलतात. सकाळी काढलेला हिशेब दुपारी लागू पडत नाही.

फ्लड जेट

यात छिद्रातून निघालेली धार समोरच्या वक्र पृष्ठावर आदळते आणि रुंद पंख्यासारखी पसरते. थेंब मोठे असतात, दाब कमी लागतो, छिद्र मोठे असल्याने तो सहसा तुंबत नाही. १ ते १.५ बार (बार हे दाबाचे एकक) दाबावर काम होते, म्हणून हाताने हापसायच्या पंपालाही जमतो. एका फेरीत १.२ ते १.५ मीटर पट्टा भिजतो.

पेंडीमेथालीनसारख्या उगवणपूर्व (तण उगवण्याआधी जमिनीवर मारायच्या) औषधासाठी हा उपयोगी पडतो. तिथे लक्ष्य ओली, ढेकळे फोडलेली जमीन असते, पान नसते. मोठा थेंब वाऱ्याने हलत नाही आणि पाणी भरपूर पडते. मात्र याचा पट्टा एकसारखा नसतो. कडांना औषध जास्त जाते आणि छिद्र जरा झिजले की एका बाजूला कल येतो. यावर उपाय असा की शेजारच्या फेऱ्या चांगल्या एकमेकींवर आणायच्या. १.५ मीटर भिजत असेल तर पुढची फेरी १.२ मीटरवर धरावी, अगदी सारखेपणा हवा असेल तर त्याहूनही जवळ. उगवणपूर्व औषध मारताना मागे मागे सरकत फवारावे, म्हणजे फवारलेला थर पायाखाली मोडत नाही.

उगवलेल्या बारीक गवतावर मात्र फ्लड जेट कमी पडतो. श्याम्याचे किंवा शिप्पीचे उभे, अरुंद पान मोठ्या थेंबाला धरून ठेवत नाही. थेंब आदळतो आणि घरंगळतो.

फ्लॅट फॅन: तणनाशकाचा खरा नोझल

छिद्र लांबट, डोळ्याच्या आकाराचे. फवारा चपटा पंख्यासारखा. मध्ये औषध जास्त आणि कडांकडे कमी होत जाते, त्यामुळे शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकांवर आल्या की सगळीकडे सारखे पडते. थेंब मध्यम आकाराचे, म्हणजे गवताच्या पानावर टिकतात आणि फारसे उडतही नाहीत. इमॅझेथापायर, क्विझालोफॉप, ग्लुफोसिनेट, मेट्रिब्युझिन अशा तणनाशकांच्या बहुतेक कामांना हा चालतो.

नोझलवरचा आकडा वाचायला शिकले की निम्मे काम होते. ११००३ म्हणजे ११० अंशांचा पंखा आणि ०३ क्षमता. क्षमतेला आंतरराष्ट्रीय रंग ठरलेले आहेत: ०२ पिवळा, ०३ निळा, ०४ लाल, ०५ तपकिरी. ३ बार दाबावर पिवळा मिनिटाला सुमारे ०.८ लिटर देतो, निळा १.२, लाल १.६ आणि तपकिरी २ लिटर. पाठीवरच्या पंपावर दाब बहुधा १ ते २ बारच्या आसपास असतो. २ बारवर हेच आकडे ०.६५, ०.९६, १.२९ आणि १.६१ होतात. दाब चौपट केला तरी प्रवाह दुप्पटच होतो, म्हणून जास्त पाणी हवे असेल तर दाब वाढवण्याऐवजी मोठा नोझल लावावा. दाब वाढवला की पाणी थोडे वाढते आणि धुके मात्र खूप. दोन मोटरचा बॅटरी पंप पूर्ण वेगावर ठेवून तणनाशक मारणारे नेमके याच चुकीत अडकतात. स्थानिक बनावटीच्या सगळ्याच नोझलवर हे रंग पाळलेले नसतात, म्हणून रंग पाहून घेतला तरी घरी मापल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

८० अंशांचा पंखाही मिळतो. नोझल ४५ सेंमी उंचीवर धरला तर ८० अंशांचा पट्टा गणिताने ७५ सेंमी येतो, ११० अंशांचा १२८ सेंमी. प्रत्यक्षात पंपाच्या कमी दाबावर पंखा आकसतो आणि कडा विरळ असतात, त्यामुळे ११० अंशांतून ९० सेंमी कामाचा पट्टा धरावा. सोयाबीनच्या ४५ सेंमीच्या दोन ओळी त्यात बरोबर बसतात.

बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. छिद्राची लांबट चीर चालण्याच्या दिशेला आडवी असली पाहिजे. ती तिरपी बसली तर ९० सेंमीचा पट्टा ५० सेंमीचा होतो आणि त्या अरुंद पट्ट्यात दुप्पट औषध पडते. कॅप घट्ट करताना टीप (नोझलचा छिद्राचा तुकडा) वायसरसोबत फिरते, म्हणून आवळून झाल्यावर साध्या पाण्याने पंखा पाहूनच टाकीत औषध घालावे. लान्स झुलवू नये. हात स्थिर, उंची तीच, चाल तीच.

‘इव्हन’ फ्लॅट फॅन म्हणून वेगळा प्रकार येतो, आकड्यानंतर ई अक्षर असते. त्याचा पंखा कडेपर्यंत सारखाच दाट असतो. ऊस किंवा कपाशीच्या ओळीवर फक्त पट्टा मारायचा असेल, किंवा हूड (फवाऱ्याभोवतीचे झाकण) लावून दोन ओळींच्या मध्ये फवारायचे असेल तर हाच घ्यावा. सलग शेतावर तो वापरला तर जिथे कडा एकमेकांवर येतात तिथे दुप्पट डोस पडून पीक पिवळे पडते. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे अक्षर बघूनच घ्यावा.

पंपामागचा डोस: इथेच घोटाळा होतो

लेबलवरचा डोस क्षेत्रासाठी असतो. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर १० एसएल हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. क्विझालोफॉप इथाइल ५ ईसी एकरी ३०० ते ४०० मिली. शेतात मात्र बोलले जाते ते ‘पंपाला ४० मिली’ या भाषेत. ‘४० मिली’ बरोबर ठरते ते एकराला १० पंप लागत असतील तरच.

आता फ्लॅट फॅन लावून बघू. ९० सेंमी पट्ट्याने एक एकर फवारायला सुमारे साडेचार किलोमीटर चालावे लागते. मिनिटाला ४५ मीटर या चालीने त्याला १०० मिनिटे लागतात. २ बारवर निळा नोझल या वेळात ९६ लिटर देतो, म्हणजे ६ पंप. लाल १२९ लिटर, ८ पंप. तपकिरी १६१ लिटर, १० पंप. जुन्या सवयीने पंपाला ४० मिलीच टाकले तर तपकिरीवर एकरी ४०० मिली बरोबर जातात, लालवर ३२० मिली आणि निळ्यावर फक्त २४० मिली. पिवळा लावला तर चारच पंप लागतात आणि एकरी १६० मिली औषध जाते. तण पिवळे पडते, थांबते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फुटते. दोष औषधाचा नसतो, एकराला निम्मेही औषध गेलेले नसते. निळ्या नोझलला पंपामागे ६७ मिली आणि लालला ५० मिली लागतात.

पाण्याबद्दल लेबल बघावे. इमॅझेथापायरला हेक्टरी ५०० ते ६०० लिटर सांगितले आहे, म्हणजे एकरी किमान २०० लिटर. तपकिरी नोझलने तिथपर्यंत जायचे तर मिनिटाला ३६ मीटर चालावे. ओल्या काळ्या मातीत चाल आपोआप तेवढी मंदावते. उगवणपूर्व औषधासाठी फ्लड जेट १.२ मीटर पट्ट्यावर, त्याच चालीने आणि मिनिटाला २.१ लिटर प्रवाहाने सुमारे २०० लिटर टाकतो.

हे आकडे तसेच्या तसे उचलू नयेत, स्वतःच्या पंपाचे काढावेत. एका मिनिटाचा फवारा बादलीत धरा आणि मापाच्या भांड्याने मोजा. हे तीनदा करून सरासरी घ्या. शेतातच, पाण्याने भरलेला पंप पाठीवर घेऊन, एका मिनिटात किती मीटर चालता ते टेपने मोजा. कोरड्या जमिनीवर पट्ट्याची रुंदी मोजा आणि कामाचा पट्टा त्याहून पाव ते तिसरा हिस्सा कमी धरा. मग मिनिटाचे लिटर गुणिले ४०४७, भागिले पट्ट्याची रुंदी मीटरमध्ये, भागिले मिनिटाचे मीटर. उत्तर येते एकरी लिटर. त्याला टाकीच्या लिटरने भागले की एकरी पंप, आणि एकरी डोसला पंपांनी भागले की पंपामागचे मिली. फवारणारा माणूस बदलला की चाल बदलते, तेव्हा चालीचे माप पुन्हा घ्यावे.

पसारा सारखा आहे का, हे बघायच्या दोन रीती

पहिली सोपी. सिमेंटच्या ओट्यावर किंवा डांबरी रस्त्यावर उन्हात साधे पाणी नेहमीच्या चालीने फवारा आणि वाळताना बघा. सगळा पट्टा एकदम वाळला तर नोझल चांगला. मध्ये किंवा एका कडेला ओली रेघ उशिरापर्यंत राहिली तर तिथे जास्त पडते आहे.

दुसरी अधिक अचूक. पन्हाळी पत्रा थोड्या उतारावर ठेवा, प्रत्येक पन्हाळीच्या खालच्या तोंडाशी एकसारख्या बाटल्या लावा आणि नोझल ४५ सेंमी उंच स्थिर धरून फवारा. फ्लॅट फॅनमध्ये मधल्या बाटल्या जास्त भरतात आणि दोन्ही बाजूंना सारख्या उतरत जातात. एखादी मधलीच बाटली रिकामी राहिली किंवा एक बाजू भारी दिसली तर टीप झिजली आहे किंवा कचरा अडकला आहे.

पानावरचे थेंब मोजायला पाण्याने निळा होणारा पिवळा कागद मिळतो. तणाच्या पानाशेजारी आणि पिकाच्या सावलीत असे दोन्हीकडे तुकडे ठेवावेत. उगवणपूर्व आणि आंतरप्रवाही (पानातून तणात सगळीकडे पसरणाऱ्या) औषधाला चौरस सेंटीमीटरला २० ते ३० थेंब पुरतात. ग्लुफोसिनेट, पॅराक्वाटसारखे स्पर्शजन्य औषध लागेल तेवढाच भाग जाळते, म्हणून तिथे ३० ते ४० थेंब हवेत. सावलीतला कागद पिवळाच राहिला तर पिकाखालचे तण वाचणार. तिथे मोठा नोझल उपयोगाचा नाही. फवारणी आधी व्हायला हवी होती, तण २ ते ४ पानांचे असताना आणि सोयाबीनने ओळी झाकण्यापूर्वी.

इंजेक्टर नोझल

बाजूच्या छिद्रातून हवा ओढून घेणारा हा नोझल थेंबात हवा भरतो. थेंब जाड होतात, वाऱ्याने फारसे उडत नाहीत. द्राक्ष किंवा कपाशी शेजारी असताना उसात २,४-डी मारायचे असेल तर यासारखा दुसरा नाही. पण बरेच इंजेक्टर ३ बारच्या पुढेच नीट चालतात. हाताच्या पंपावर तो दाब टिकत नाही आणि नोझल नुसती धार सोडतो. घ्यायचाच असेल तर कमी दाबाचा, १ ते १.५ बारपासून चालणारा आहे ना, हे विचारून घ्यावा. हवेच्या छिद्रात चिखल बसतो, ते रोज धुवावे लागते. किंमतही बरीच जास्त. ट्रॅक्टरच्या बूमवर (अनेक नोझलांच्या आडव्या दांडीवर) याची शिफारस आहे. पाठीवरच्या पंपावर मात्र फक्त शेजारी नाजूक पीक असेल तेव्हाच. क्विझालोफॉपने बारीक गवत मारायला हा नको.

उसात एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाच्या गनने तणनाशक मारण्याची पद्धत दिसते. लांब पल्ल्याच्या धारेने जमिनीवर सारखा थर बसूच शकत नाही. वेळ वाचतो, पण एकराला किती औषध गेले याचा पत्ता लागत नाही. ती पद्धत टाळावी.

शेतातले पट्टे काय सांगतात

फवारणीनंतर दहा-बारा दिवसांनी शेत बांधावरून बघावे. सरळ, लांब, हिरव्या रेघा उरल्या असतील तर दोन फेऱ्यांत अंतर पडले किंवा नोझल खाली धरला गेला. नागमोडी हिरवळ म्हणजे लान्स झुलवली. धुऱ्यावर, वळायच्या जागी पीक पिवळे पडले असेल तर वळताना ट्रिगर सोडला नाही. प्रत्येक पंपाच्या शेवटच्या भागात तण वाचले असेल तर हापसा मंदावला किंवा बॅटरी उतरली, दाब पडला आणि पंखा आकसला. यावर लान्सला बसणारा ठरावीक दाबाचा व्हॉल्व्ह हा चांगला उपाय आहे. तो १ किंवा १.५ बारचा घेतला तर दाब त्याहून खाली गेल्यावर फवारा आपोआप बंद होतो आणि वर गेला तरी नोझलला ठरलेलाच दाब मिळतो. बॅटरी पंपाला अगदी लहान नोझल लावला तर मोटर सारखी बंद-चालू होते आणि फवारा धडधडतो. तिथे एक माप मोठा नोझल लावावा.

सगळीकडेच तण अर्धवट जळून खालून फुटले असेल तर आधी एकरी औषधाचा हिशेब तपासा, मग पाणी. पॅराक्वाट आणि ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. नाल्याचे गढूळ पाणी भरले तर टाकीतच त्यांची ताकद जाते आणि तिथे नोझलचा काही इलाज चालत नाही.

घेताना आणि सांभाळताना

दुकानात जाताना लान्सचे टोक सोबत न्यावे, कारण आटे सगळ्या पंपांचे सारखे नसतात. टीप, कॅप, वायसर आणि गाळणी असा पूर्ण संच घ्यावा. गाळणी ५० मेशची (इंचात ५० छिद्रांची) पुरते, पिवळ्याहून लहान टीप असेल तर १०० मेशची. पहिल्या खरेदीत लाल आणि तपकिरी ११० अंशांचा एकेक फ्लॅट फॅन आणि एक फ्लड जेट एवढे पुरेसे आहे. पितळी टीपपेक्षा चांगल्या प्लॅस्टिकची किंवा स्टीलची टीप जास्त टिकते, सिरॅमिक सगळ्यात जास्त.

मेट्रिब्युझिन ७० डब्ल्यूपी, अ‍ॅट्राझिन ५० डब्ल्यूपी अशा भुकट्या आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून, गाळून टाकीत घालाव्यात, नाहीतर गाळणीवर लगदा बसतो. नोझल तुंबला तर तार किंवा टाचणी घालू नये. कडेला ओरखडा पडला की पंखा कायमचा फाटतो. जुन्या दातब्रशने पाण्यात घासावा. तोंडाने फुंकणे तर कधीच नको, पॅराक्वाटवर उतारा नाही. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. ते शक्य नसेल तर निदान २,४-डीसाठी वापरलेला पंप कपाशीत आणू नये.

नवा नोझल आणल्या दिवशी त्याचा मिनिटाचा प्रवाह मोजून पंपावर मार्करने लिहून ठेवावा आणि दर हंगामाला त्याच दाबावर पुन्हा मोजावा. लाल नोझल नवा असताना १.२९ लिटर देत असेल आणि आता १.४२ च्या पुढे जात असेल, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त वाढला असेल, तर तो काढून टाकावा.